सेवा नावाचा विषय

आई, मी दिवसभर लोकांचा संडास आणि लघवी तपासते. शिरूरच्या बाजारपेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यावर आमची लॅब आहे. सकाळपासून माणसं प्लास्टिकच्या डब्या रुमालाखाली झाकून जिना चढत येतात. मी डबी हातात घेते, झाकण काढते, काडीनं थोडं उचलते, काचेवर पसरते. नव्यानं कामाला लागलेल्या मुली पहिले काही दिवस नाकाला ओढणी लावतात, जेवणाचा डबा उघडत नाहीत. मला यातलं कधी काही झालं नाही. म्हणून तुला सांगते, तुझी आठवण आली की माझ्या पोटात ढवळतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं तोंडाला पाणी सुटतं. तो माझा नाजूकपणा समजू नकोस. तू होतीस तोवर हे बोलता आलं नाही. तू जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की बोललं तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

सुरुवात चांगली होती, हे मी नाकारत नाही. आपण तेव्हा दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पप्पा मालगाडीचे गार्ड, दोन दोन दिवस घराबाहेर. तू शाळेत शिकवायचीस. त्या वर्षी तुमच्या शाळेत दहावीचं सेंटर आलं आणि तुला एका वर्गावर सुपरव्हिजनला उभं केलं. खिडकीच्या गजांतून दगडाला गुंडाळलेल्या चिठ्ठ्या आत पडत होत्या, मुलं त्या वेचत होती, बाहेर कुणाचा तरी काका पत्र्यावर चढून उत्तरं ओरडून सांगत होता. हेडमास्तर दारात येऊन तुला म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही जरा व्हरांड्याकडं तोंड करून उभ्या राहा.’ तू तशीच घरी आलीस आणि मोरीत जाऊन ओकलीस. मी दाराशी उभी राहून पाहत होते. पप्पा ड्यूटीवरून नुकतेच आलेले, अंगावर पांढरा युनिफॉर्म तसाच. तू तोंड पुसत म्हणालीस, ‘मला किळस आली. माझी मुलं त्या घाणीत बसणार नाहीत.’ पप्पा म्हणाले, ‘मग कुठं बसतील?’ तू स्वयंपाकघराच्या फरशीकडं बोट दाखवलंस. ‘इथं.’

तू नोकरी सोडलीस आणि आम्ही तिथं बसलो, मी आणि दोघं धाकटे भाऊ. लग्नाआधी तू नन व्हायला कॉन्व्हेंटमध्ये गेली होतीस आणि छातीच्या दुखण्यानं परत आली होतीस. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं तुला लॅटिन, भूमिती, तर्कशास्त्र असं सगळं जुन्या पद्धतीनं शिकवलं होतं. तेच तू आम्हाला द्यायला लागलीस. सकाळची प्रार्थना झाली की लॅटिन. तू कणीक तिंबतेस आणि आम्ही ओळीनं शब्द चालवतोय: रोझा, रोझे, रोझे, रोझाम. मग एक दिवस ‘मानुस’ शब्द आला. मानुस म्हणजे हात. आम्ही तिघंही लोळून हसलो होतो आणि तूही हसलीस, पिठाच्या हातानं डोळे पुसलेस. लाटण्याला दोरा बांधून तू फरशीवर खडूनं वर्तुळ काढायचीस आणि त्याच्या पोटात त्रिकोण बसवायला लावायचीस. जेवताना कुणी काही ठासून बोललं की घास थांबवून विचारायचीस, ‘हे सिद्ध झालं, की नुसतं म्हटलंस?’ मी या सगळ्यात पुढं होते. एकदा मी भूमितीचं एक प्रमेय माझ्या माझ्या पद्धतीनं सोडवलं, तेव्हा पप्पा आल्यावर तू त्यांना फरशीपाशी नेऊन दाखवलंस. ‘ही पुढं शिकवणारी होईल,’ म्हणालीस. मी ते रात्रभर उराशी धरून झोपले होते.

पुढं निमोण्याच्या आबांचं अंग एका बाजूनं लुळं पडलं. मामा पुण्याला कंपनीत, त्यांच्याकडं दोन खोल्या. तुझ्या बापाला तूच सांभाळायचं ठरलं. पप्पा दौंडलाच राहिले, सुट्टीच्या दिवशी एस.टी. बदलत यायचे. आपण निमोण्याला आलो. आल्या आल्या तू आम्हाला बसवून समजावलंस. चर्चच्या वर्षात जसा आगमनकाळ असतो, उपवासकाळ असतो, सामान्यकाळ असतो, तसे घराचेही काळ असतात. काळ बदलला की अभ्यासानं आपला आकार बदलायचा, पण थांबायचं नाही. किती सुंदर बोलायचीस तू. कांदाकाढणीच्या दिवसांत शेतावरच पाठांतर, दुपारी झाडाखाली कॅटेकिझम म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरं, पावसाळ्यात जास्त वाचन. मला ते सगळं इतकं पटलं होतं की मीच पुठ्ठ्यावर रंगीत खडूंनी नवं वेळापत्रक लिहिलं आणि भिंतीला टांगलं.

त्यातच तुला दिवस गेले. आबांच्या खोलीचा वास तुला सहन होईना. तू त्यांचं अंथरूण बदलायला जायचीस आणि अर्ध्यातून पळत बाहेर यायचीस, परसात वाकून उभी राहायचीस. एका सकाळी मी भूमिती घेऊन बसले होते. तू दाराच्या चौकटीला धरून म्हणालीस, ‘आज तू बघतेस का आबांचं? मला नाही होत.’ मी गेले. तेरा वर्षांची होते मी. आबांनी मला पाहिलं आणि चांगल्या हातानं धोतर घट्ट धरून ठेवलं. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द घरंगळायचे, पण मला कळलं ते काय म्हणाले. ‘नको गं पोरी. तुज्या हातानं नको. तुज्या आयला बोलीव.’ मी म्हणाले, आईला बरं नाही. ते भिंतीकडं तोंड करून रडायला लागले. मी त्यांना तसंच रडू दिलं आणि काम केलं, कारण दुसरं कोण करणार होतं? बाहेर येऊन मी हात धुतले, परत धुतले, आणि तुझ्यासारखीच परसात वाकले.

त्याबद्दल माझी तक्रार नाही, आई. घरात आजारी माणूस असलं की कुणाला तरी हात घालावाच लागतो. पण पुढच्या सोमवारी तू काय केलंस? तू वेळापत्रक भिंतीवरून काढलंस, माझ्या नावापुढचं लॅटिन आणि भूमिती ओल्या फडक्यानं पुसलंस आणि तिथं सुंदर अक्षरांत लिहिलंस, ‘सेवा’. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, ‘आजाऱ्याची शुश्रूषा हे दयेचं कृत्य आहे. पुस्तकात वाचून हे शिकता येत नाही. तुला ते प्रत्यक्ष मिळतंय. हाही अभ्यासच.’ भावांचं लॅटिन तसंच राहिलं. त्यांच्यापैकी एखाद्याला देवाचं बोलावणं आलं, फादर व्हायचं झालं, तर उपयोगी पडेल, म्हणालीस. बाळ झालं, धाकटी आली, तुझी मळमळ थांबली, अंगात ताकद आली. माझ्या नावापुढची ‘सेवा’ पुसली गेली नाही. उलट तिच्यात बाळाचे लंगोट आले, भाकरी आल्या, शेळीचा चारा आला. प्रत्येक वेळी तू त्या त्या कामाला एक गोड नाव द्यायचीस. मी चुलीपाशी असायचे आणि मधल्या भिंतीपलीकडून भावांचा आवाज यायचा, तू त्यांना विचारते आहेस, ‘हे सिद्ध झालं, की नुसतं म्हटलंस?’

आबांनी एकदा तुला माझ्यादेखत विचारलं. ‘हिला कशाला लावलीस? गडी लाव एखादा. मला लाज वाटती.’ तू त्यांच्या कपाळावरून हात फिरवलास. ‘आबा, ती शिकतेय. तिला शिकू द्या.’ त्या दिवसानंतर त्यांनी धोतर धरून ठेवणं सोडलं. मी जायचे, ते डोळे मिटून घ्यायचे आणि माझं काम होईपर्यंत उघडायचे नाहीत. त्या मिटलेल्या डोळ्यांची मला आजही शिसारी येते. त्यांची नाही गं, तुझी. किळस तुला होती, म्हणून काम माझ्याकडं आलं. आणि काम माझ्याकडं आलं म्हणून तू त्याला धडा म्हणालीस. एका म्हाताऱ्या माणसाची लाज तू माझ्या शिक्षणाला जुंपलीस.

शेजारच्या चाचीला हे तुझ्याआधी कळलं होतं. मी हौदावर आबांचे कपडे आपटत बसलेली असायचे आणि ती घागर घेऊन यायची. एकदा तिनं घागर खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘तुजी आई लई शिकल्याली हाय म्हणत्यात. लॅटिन का फ्याटिन शिकिवती पोरांना.’ मी म्हणाले, हो. ‘आन् तू कवा शिकती?’ मी तिला समजावून सांगायला गेले, की चाची, हाही एक विषयच आहे, सेवा म्हणून. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाक्य पुरं करता आलं नाही. ‘व्हय,’ ती म्हणाली, ‘मंग माझ्या म्हशीबी लई शिकल्यात.’ आणि माझ्या हातातला पिळा घेऊन तिनंच तो पिळून दिला.

मग ते पाहुणे आले. तुझ्या घरच्या शाळेची कीर्ती आपल्या चर्चच्या फादरांनी पुण्यापर्यंत नेली होती. फादर आणि दोन बायका, इस्त्रीच्या साड्या, हातात बिस्किटांचे पुडे. ओसरीवर सतरंजी घातलीस. भावांनी लॅटिनमधून प्रार्थना म्हटली, थोरल्यानं त्रिकोणाचं प्रमेय फळ्यावर करून दाखवलं. बायका ‘वा वा’ करत होत्या. मग तू मला हाक मारलीस. मी आबांच्या खोलीत होते. तशीच आले, हाताला फिनेलचा वास. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, ‘आणि ही आमची मोठी. घराचा काळ बदलला तसा हिनं आपला अभ्यास बदलून घेतला. सेवा या विषयात हिचा हात कुणी धरणार नाही.’ त्यातली एक बाई म्हणाली, ‘किती गोड!’ फादरांनी कौतुकानं विचारलं, ‘लॅटिनही येतं ना? मानुस चालव बघू.’ मी सुरू केलं. ‘मानुस, मानी, मानो...’ आणि थांबले, कारण फादर गालात हसले होते. माझा आठ वर्षांचा भाऊ पुढं सरकून एका दमात म्हणाला, ‘मानुस, मानुस, मानुई, मानुम.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास, आई. मी तुझ्या हातांकडं बघत होते.

‘माझं लॅटिन आबांच्या भांड्यात गेलंय फादर,’ मी म्हणाले. ‘रोज सकाळी मीच ओतून येते.’

तू आवाज जरासुद्धा न चढवता म्हणालीस, ‘जा, हात धुऊन ये.’ आणि पाहुण्यांकडं वळून, ‘वय असतं असं.’ ते गेल्यावर तू मला आत बोलावलंस. मला वाटलं मारशील. ‘चार माणसांत तू मला नागडं केलंस,’ म्हणालीस. मी म्हणाले, ‘आबांना तर तू रोज करतेस. माझ्यासमोर.’ पप्पा येईपर्यंत तू ताट वाढायचीस, पण माझ्याकडं न बघता. पप्पा आले तेव्हा मी त्यांच्या चपला निघायच्या आधी म्हणाले, मला दौंडला न्या, शाळेत घाला. त्यांनी तुझ्याकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं. तुझ्याशी कधी वाद न घातलेला तो माणूस एवढंच म्हणाला, ‘पिशवी भर. एस.टी. चुकायला नको.’ निघताना तू माझ्या पिशवीत तुझं लॅटिन व्याकरणाचं पुस्तक सरकवलंस, सिस्टरनं तुला दिलेलं, पाठीला कापड चिकटवलेलं. घरात त्याहून किमती काही नव्हतं, हे मला माहीत होतं. मी ते काढून उंबऱ्यावर ठेवलं आणि ओलांडून बाहेर पडले.

दौंडच्या शाळेत मला नववीत घेतलं. विज्ञान काही येत नव्हतं, इंग्रजीत मागं, शेवटच्या बाकावर बसायचे. पप्पांचा आणि माझा स्वयंपाक करून शाळा गाठायचे. ते काम होतं आणि त्याला आम्ही काम म्हणायचो, एवढ्यावरही मी खूश होते. दहावीच्या परीक्षेत खिडकीतून चिठ्ठी येऊन माझ्या पेपरवर पडली. बीजगणिताची उत्तरं होती. ती मला हवी होती, देवाशपथ हवी होती. पण माझ्या पोटात एकदम ढवळून आलं आणि मी पट्टीनं ती चिठ्ठी खाली ढकलली, बोटसुद्धा लावलं नाही. पेपर देऊन बाहेर आले तेव्हा मी संतापले होते. ती ओकारी माझी नव्हती, तुझी होती. तू मला निमोण्याहून तिथंही गाठलं होतंस.

मी निमोणं सोडल्यावर आबा वर्षभर जगले. त्यांना कोण बघतं, हे मी पप्पांना बरेच दिवस विचारलं नाही. विचारलं तेव्हा कळलं, मी गेले त्याच आठवड्यात तू गावातला एक माणूस लावला होतास, सकाळ-संध्याकाळ यायचा. इतकं सोपं होतं ते. आणि मग पुण्याला लॅबचा कोर्स करून नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी मी एकदा निमोण्याला आले, तेव्हा बारा-तेरा वर्षांची धाकटी स्वयंपाकघरात पाटावर बसून भूमिती करत होती. मला बघून ती पाणी आणायला उठली. तू म्हणालीस, ‘बस तू. अभ्यासातून उठायचं नाही.’ आणि स्वतः उठून मला पाणी दिलंस. परसात धुण्याभांड्याला लावलेली बाई भांडी घासत होती. मी विचारलं, ‘हिच्या वेळापत्रकात सेवा नाही का?’ तू तांब्या खाली ठेवलास. ‘आता घराला तशी गरज नाही. प्रत्येक मुलाचा काळ वेगळा असतो.’ इतकं शांतपणे म्हणालीस. ते पाणी मला गिळता आलं नाही. मी परसात जाऊन ते थुंकून टाकलं. म्हणजे तुला माहीत होतं. कुणाला पाटावरून उठू द्यायचं नसतं, हे तुला नीट माहीत होतं.

तुला मूठमाती दिली त्या दिवशी फादर प्रवचनात तुला आदर्श माता म्हणाले. धाकटीनं लॅटिनमधून प्रार्थना म्हटली, एकही चूक न करता. ती आता कॉलेजात शिकवते. भावांपैकी फादर कुणी झालं नाही. एक रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर आहे, दुसरा परदेशात एसी दुरुस्त करतो. मी लॅबला लागले तेव्हा तू आख्ख्या गावाला सांगत फिरली होतीस, ‘सेवेचा विषय मीच घेतला होता तिचा.’ चाचीनं ते मला हसत हसत सांगितलं, आणि मी तुला फोन करणं कितीतरी दिवस बंद केलं होतं. तुला वाटलं मी कामात आहे.

गेल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये तरुण आयांची बैठक होती. त्यांच्यातल्या काहींना मुलांना घरीच शिकवायचं आहे, तुझ्यासारखं. तुमच्या आईंबद्दल दोन शब्द सांगा, म्हणून मला बोलावलं होतं. मी ठरवून गेले होते. हे सगळं सांगायचं, भांड्यासकट, मिटलेल्या डोळ्यांसकट. माझ्या आधी बँकेत काम करणारी एक मुलगी उठली. ती म्हणाली, ‘मला हे पटत नाही. पूर्वीच्या या अर्धवट शिकलेल्या बायकांनी पोरांना घरी बसवून त्यांची वर्षं वाया घालवली.’ मला फक्त मान हलवायची होती. तिनं माझंच म्हणणं मांडलं होतं. पण मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘माझी आई अर्धवट शिकलेली नव्हती. मला पुढं पुष्कळ शिक्षक मिळाले. तिच्यासारखं कुणी शिकवलं नाही.’ कुणीतरी डोळे पुसले. मी काही न खाता घरी आले आणि मोरीपाशी बराच वेळ बसून राहिले, पण उलटी झाली नाही.

हे मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुला पाठवायची सोय नाही. ‘तिच्यासारखं कुणी शिकवलं नाही’, ते वाक्य खोटं असतं तर बरं झालं असतं, आई. सभेतून आल्यापासून मी ते उलटसुलट करून पाहते आहे. ते खोटं नाही.